हॉर्नआधी दहा सेकंद थांबा

महोदय,

संध्याकाळी सांगलीच्या मारुती रोडवर गाडी हळू झाली, की मागून हॉर्न सुरू. परवा मीही तेच केलं. पुढे एक आजी भाजीची पिशवी सावरत रस्ता ओलांडत होत्या. हॉर्नने त्या दचकल्या, जागीच थांबल्या, पिशवीतली लिंबं रस्त्यावर पडली. उतरून वेचून दिली, माफी मागितली. पण त्यांचे थरथरणारे हात डोळ्यांपुढून जात नाहीत. विनाकारण हॉर्न वाजवल्यास मोटार वाहन कायद्यात पहिल्यांदा १००० रुपये दंड आहे. दंडाचं राहू द्या, त्या आजींना रस्ता ओलांडायला दहाच सेकंद हवी होती. आता मी घरातून दहा मिनिटं आधी निघतो. वेळ उरलाच तर आयर्विन पुलाजवळ गाडी लावून कृष्णेचं पाणी बघत उभा राहतो.

– एक वाचक, सांगली