मध्य प्रदेशात जन्मलेले आपले लोक

सन्माननीय संपादक,

डॉ. बाबासाहेब आंबेडकर महूचे, लता मंगेशकर इंदूरच्या आणि अटलबिहारी वाजपेयी ग्वाल्हेरचे. तिघेही भारतरत्न, तिघांचाही जन्म आजच्या मध्य प्रदेशातला. हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते. मुक्तिबोध बंधूंचे मात्र तसे नाही, याची मला मनापासून खंत वाटते. १९१७ मध्ये श्योपूरला जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध आधुनिक हिंदी कवितेतले शिखर मानले जातात, तर त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले महत्त्वाचे कवी आणि समीक्षक, साहित्य अकादमी पुरस्काराचे मानकरी. घरची भाषा मराठी. एकाने हिंदी निवडली, दुसऱ्याने मराठी. दोन भाषांच्या साहित्याला एकाच घराने एवढे दिल्याचे दुसरे उदाहरण मला तरी सुचत नाही.

शिंदे-होळकरांमागे माळव्यात गेलेली मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या तिथेच रुजली. त्यांचा इतिहास आपल्या पाठ्यपुस्तकांत पेशवाईसोबत संपतो, तो पुढे न्यायला हवा. निदान आठवी-नववीच्या मराठीच्या पुस्तकात या दोघा भावांच्या कविता शेजारी शेजारी छापाव्यात, अशी माझी शिक्षण विभागाला विनंती आहे.

– एक वाचक, पुणे