समतोल खेळाडूनेच का साधायचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकन कॉलेज फुटबॉलवरचा लेख वाचला. अभ्यास आणि खेळ यांचा मेळ कसा घालावा हे तिथल्या विद्यापीठांकडून शिका, असे लेखकमहोदयांचे सांगणे. लेख छान आहे. चार दिवस कॅम्पस फिरून आलेल्या माणसाने लिहावा तसा.

हंगामात आठवड्याला २० तासांहून जास्त सराव घ्यायचा नाही, हा तिथला नियम तुम्ही ठळक टायपात छापला. नियम खरा आहे. पण २०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या खेळाडूंनी कामगार संघटना करता यावी म्हणून कामगार मंडळाकडे धाव घेतली, तेव्हा हंगामात खेळापायी आठवड्याचे ४० ते ५० तास जातात, असे मंडळाच्या अधिकाऱ्यानेच नोंदवले. प्रवास त्या २० तासांत धरतच नाहीत! नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात तर १८ वर्षे असे वर्ग चालले की तास नाही, मास्तर नाही. शेवटी एक निबंध द्यायचा आणि भरघोस गुण न्यायचे. लाभार्थी ३,१०० च्या वर, त्यांत खेळाडू निम्म्याच्या आसपास. हाही मेळच म्हणायचा. आणि २०२४ पासून पॅसिफिक किनाऱ्यावरची स्टॅनफर्ड व बर्कली ही विद्यापीठे अटलांटिक किनाऱ्याच्या गटात खेळतात. पोरांनी विमानात पुस्तक उघडावे, अशी अपेक्षा असावी.

असो. अमेरिकेचे अमेरिका बघून घेईल. माझे डोके फिरले ते शेवटच्या परिच्छेदाने: ‘आपल्याकडचे खेळाडू मात्र अभ्यासाकडे पाठ फिरवतात.’

मी कोल्हापुरात एका महाविद्यालयात २७ वर्षे रसायनशास्त्र शिकवले. टी.वाय.ला एक गोलकीपर होता. पेठेतला, तालमीच्या संघातून शाहू स्टेडियमवर खेळणारा. त्याची मॅच असली की निम्मा वर्ग गॅलरीत, आणि खरे सांगायचे तर मीही. सकाळी सहाला मैदान, आठला प्रॅक्टिकल. बोटांना पट्ट्या गुंडाळलेल्या, त्याच बोटांनी ब्युरेटची, म्हणजे थेंब-थेंब द्रव सोडायच्या नळीची, तोटी फिरवायचा. टायट्रेशनचा शेवटचा थेंब त्याच्यासारखा कुणाला अडवता येत नसे.

विद्यापीठाच्या संघात निवड झाली. शिबिर आणि पश्चिम विभागीय स्पर्धा मिळून तीन आठवडे तो बाहेर. जिमखान्याचे पत्र ऑफिसात पोचले, ऑफिसातून आमच्या विभागात काही आले नाही. चार प्रॅक्टिकल बुडाली. परतल्यावर प्राचार्यांच्या केबिनमध्ये फोटो निघाला, पेढे वाटले. त्याच आठवड्यात हजेरी कमी असलेल्यांची यादी नोटीस बोर्डावर लागली आणि तीत त्याचे नाव.

रविवारी लॅब उघडून त्याची प्रॅक्टिकल घेतो, असे मी सांगितले. लॅबचा शिपाईसुद्धा यायला तयार होता. उत्तर मिळाले, ‘एकाला सवलत दिली की उद्या सगळे दारात उभे राहतील.’ सगळे म्हणजे कोण? विद्यापीठाच्या संघात आमच्या कॉलेजचा तो एकटाच होता! पण वर जाऊन भांडलो नाही. यादीखाली विभागातर्फे सही माझीच आहे, हेही लिहून टाकतो.

त्याचे वर्ष गेले. केबिनमधला तो फोटो मात्र पुढे कितीतरी वर्षे प्रवेशाच्या माहितीपत्रकात छापला जात होता.

पाठ कुणी फिरवली, हे लेखकमहोदयांनी आता सांगावे. स्पर्धेच्या तारखा एकाने ठरवायच्या, परीक्षेच्या दुसऱ्याने, पत्र तिसऱ्याच्या टेबलावर पडून राहणार, आणि मेळ घालायचा वीस वर्षांच्या पोराने. दमून आल्यावर, रात्री, कंदिलाच्या काळापासून चालत आलेले तेच प्रवचन ऐकत.

जाता जाता आणखी एक. लेख अमेरिकन फुटबॉलवर आणि शेजारच्या छायाचित्रात गोल चेंडू! तो खेळ लांबुळक्या चेंडूने, बराचसा हातानेच खेळतात. आमच्या पेठेतल्या शाळकरी पोरानेही चूक पकडली. शाहू स्टेडियमवरच्या मॅचची बातमी हल्ली तुम्ही चार ओळींत उरकता. गोल करणाऱ्याचे नाव तरी नीट छापत जा. गोलकीपरचे तर नसतेच.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, शिवाजी पेठ, कोल्हापूर