शिवलेल्या जहाजाची शिवण दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ हे भारतीय नौदलाचे शिवलेले जहाज पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६मध्ये मस्कतला पोचले, तेव्हापासून त्याविषयी पुष्कळ छापून आले. त्याचा मनापासून आनंद आहे. पण त्यातल्या बऱ्याच मजकुरात एक वाक्य फिरून फिरून येते: त्या काळी खिळे ठोकण्याचे तंत्र नव्हते, म्हणून फळ्या दोरीने शिवत. हे चूक आहे. या एका चुकीपायी नवव्या-दहाव्या शतकातला अरबी समुद्राचा सगळा व्यापार अडाण्यांच्या धाडसासारखा दिसू लागतो.

लोखंड होते, आणि उत्तम होते. अरबीत चांगल्या तलवारीला ‘मुहन्नद’ म्हणत, म्हणजे हिंदुस्थानी. ज्या देशातून पोलाद परदेशी जात होते तिथल्या सुताराला खिळा ठाऊक नव्हता, हे कसे पटावे? शिवण्याची कारणे वेगळी होती. कोकण, मलबार, ओमान इथल्या बहुतेक बंदरांत धक्का नव्हता. भरतीला गलबत खाडीत घ्यायचे, ओहोटीला ते गाळावर किंवा वाळूवर बसायचे. अशा वेळी खिळ्यांनी जखडलेल्या सांगाड्याला पीळ बसला की खिळ्याभोवतीचे लाकूड तडकते. शिवलेला सांगाडा किंचित लवतो आणि पुन्हा जागेवर येतो. खडकावर आपटल्यावर शिवलेले जहाज तग धरते आणि खिळ्यांचे फुटते, असे प्रवासी इब्न बतूताने चौदाव्या शतकात लिहून ठेवले आहे. शिवाय खिळा खाऱ्या पाण्याने गंजतो आणि आजूबाजूचे लाकूडही नासवतो. दोरी जुनी झाली की कापून काढायची आणि त्याच भोकांतून नवी ओवायची. नारळ आहे तिथे दुरुस्ती होते.

हे काम सोपे मात्र नाही. सुरुवात दोरीपासून होते. नारळाची सोडणे खाजणाच्या मचूळ पाण्यात काही महिने पुरून ठेवायची, कुजली की बडवून काथ्या काढायचा आणि हाताने पीळ देत सुंभ वळायचा. घाई करून पुरते न कुजलेले सोडण बडवले तर काथ्या राठ निघतो, टाका ओढताना तुटतो. नीट वळलेला सुंभ खाऱ्या पाण्यात टिकतो आणि थोडा ताणला जातो. हा ताणच शिवणीचा प्राण आहे.

बांधणीचा क्रमही आजच्या उलट. आज आधी फासळ्यांचा सांगाडा उभा करतात आणि त्यावर फळ्या मारतात. शिवलेल्या जहाजात आधी पठाण, म्हणजे तळकणा, मग त्याला लागून एकेक फळी शिवत वर जायचे. कवच उभे राहिल्यावर आतून फासळ्या बसवायच्या आणि त्याही दोरीनेच बांधायच्या. आकार फळ्यांतूनच निघतो, म्हणून प्रत्येक फळी गरम करून किंवा वाफ देऊन वाकवावी लागते. दोन फळ्यांचे काठ एकमेकांना असे भिडले पाहिजेत की मधून उजेड दिसता कामा नये. सर्वांत जास्त कामे फसतात ती इथेच. दोरी फळ्या धरून ठेवते, तिने फट बुजत नाही. रंधा मारताना राहिलेली फट पुढे कितीही आवळले तरी गळतेच.

मग दोन्ही काठांना समोरासमोर भोके. भोक काठाच्या फार जवळ घेतले तर ओढताना लाकूड फाटते, फार आत घेतले तर टाक्याची पकड ढिली पडते. इंडोनेशियात बेलितुंग बेटाजवळ १९९८ साली सापडलेल्या नवव्या शतकातल्या जहाजात ही भोके ५ ते ६ सेंटीमीटर अंतराने आहेत. याचा हिशेब करून पाहावा: १५ मीटर लांबीच्या एका सांध्याला दोन्ही काठ मिळून ५०० ते ६०० भोके, आणि असे सांधे दोन्ही बाजूंना कितीतरी.

सांध्यावर काथ्याची जाड वळी ठेवतात आणि तिच्यावरून टाके घेतात. बेलितुंगच्या जहाजात ती आतून आणि बाहेरून, दोन्हीकडे होती. एक माणूस आत, एक बाहेर. दोरी ओवायची, दांडक्याला गुंडाळून ओढायची, टाक्यावर मोगरीने ठोकायचे, ताण सुटू नये म्हणून भोकात तात्पुरती खुंटी मारायची आणि पुढचा टाका घ्यायचा. दोघांची लय जुळली नाही तर एक टाका घट्ट आणि शेजारचा ढिला राहतो. सगळा भार घट्ट टाक्यावर येतो, तो तुटतो आणि मग शेजारचे सैल होत जातात. शेवटी प्रत्येक भोक काथ्या आणि राळ भरून बुजवायचे, लाकडाला माशाचे तेल पाजायचे. बारावे शतक सरताना इब्न जुबैर या प्रवाशाने तांबड्या समुद्रावर पाहिलेल्या अशाच नावांना शार्कचे तेल सर्वांत चांगले म्हणून चोपडत. पाण्यात उतरल्यावर फळ्या फुगतात आणि सांधा आणखी आवळला जातो. म्हणून नव्या जहाजात पहिले काही दिवस पाणी उपसावे लागते; तो बांधणीतला दोष नव्हे.

मार्को पोलोने होर्मुझला ही जहाजे पाहिली आणि वाईट म्हणून नावे ठेवली. त्याचेच मत आजवर उगाळले जाते. बेलितुंगचे जहाज त्याला परस्पर उत्तर देते. त्यातून सुमारे ६० हजार चिनी भांडी निघाली, बहुतेक चांगशा इथल्या भट्ट्यांतले वाडगे. एका वाडग्यावर इसवी सन ८२६ची तिथी कोरलेली आहे. वाडगे मोठ्या रांजणांत चक्राकार रचून भरले होते. एवढा माल चीनमधून पश्चिमेकडे नेणाऱ्या त्या सांगाड्यात एकही खिळा नव्हता.

या शिवणकामाचा आपल्या किनाऱ्याच्या समाजाशी थेट संबंध आहे, आणि त्याचा उल्लेख कुठेच होत नाही म्हणून तो सांगितल्यावाचून राहवत नाही. आषाढ-श्रावणात कोकणची बंदरे बंद. नारळी पौर्णिमेनंतर दर्या शांत होऊ लागतो आणि नैर्ऋत्येचा उतरता वारा धरून ओमानकडची जहाजे इकडे येत. परत जायला ईशान्येचा वारा हवा, तो नोव्हेंबरपासून साधारण फेब्रुवारीपर्यंत. कौंडिण्य डिसेंबरअखेरीस निघाले ते याच हिशेबाने. आलेल्या व्यापाऱ्याला काही महिने थांबणे भागच होते. माल खपला नाही, टाके बदलायचे राहिले, वारा हुकला, तर आणखी एक वर्ष. वर्षभर राहिलेला माणूस घर करतो, लग्न करतो.

त्याचा पुरावा चौलला आहे. इतिहासकार अल मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे ९१६-१७ साली, चौलला आला. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात असे त्याने नोंदवले: सिराफ, ओमान, बसरा, बगदादकडून आलेले, आणि इथेच जन्मलेले, ज्यांना ‘बयासिरा’ म्हणत. त्यांचे तंटे त्यांच्यातलाच एक प्रमुख सोडवी आणि त्या पदाला स्थानिक राजाची मान्यता असे. तिथला राजा शिलाहार झंझ, त्याच्यावर राष्ट्रकूट.

पालघर जिल्ह्यात चिंचणीला सापडलेला ९२६ सालचा ताम्रपट याहून बोलका आहे. राष्ट्रकूट राजा इंद्र तिसरा याच्या काळात संजानचा कारभार एका ‘ताजिक’, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता. संस्कृत मजकुरात त्याचे नाव ‘मधुमती’ असे आले आहे, म्हणजे मुहम्मद. त्याने नदीवर फुकट ‘तर’, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, चालवली, भात आणि तूप मिळणारे अन्नछत्र घातले. एका ब्राह्मणाने देवीची मठिका, म्हणजे लहान मठ, बांधली होती, तिला जमीन देण्याचा हा लेख आहे आणि त्या दानात या अधिकाऱ्याची संमती आहे. अशी होडी आणि अन्नछत्र यांची गरज येणाऱ्या-जाणाऱ्यांना असते. बंदराचा कारभार पाहणाऱ्याने नेमके तेच केले.

ही विद्या आमची की त्यांची, हा वाद आता सुरू झाला आहे. त्यात अर्थ नाही. सिराफचा लेखक अबू झैद याने दहाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिले की ओमानचे लोक सुताराची हत्यारे घेऊन नारळाच्या बेटांवर जातात, झाडे तोडतात, त्याच काथ्याच्या दोरीने जहाज शिवतात आणि नारळ भरून परत येतात. माड त्या बेटांवरचे, हत्यारे ओमानची. सागही त्यांना हिंदुस्थानातूनच न्यावा लागे. दोन्ही किनारे मिळून हे जहाज होते.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज तोफा घेऊन आल्यावर या किनाऱ्यावरच्या मोठ्या जहाजांत खिळा रुळला. तोफेचा धक्का सोसायला ताठ सांगाडा लागतो. लहान होड्यांत शिवण पुढेही टिकली. केरळच्या कारागिरांच्या हातात ती राहिली म्हणूनच कौंडिण्य गोव्यात बांधता आले.

माझी सूचना छोटी आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातल्या तीन शिडांच्या जहाजाचे चित्र सगळीकडे लावले जाते, ते जरूर लावावे. पण राज्यातल्या संग्रहालयांनी त्याच्या शेजारी दोन हात लांबीच्या दोन फळ्या खऱ्याखुऱ्या सुंभाने शिवून ठेवाव्यात: अर्धा सांधा पुरा केलेला, अर्धा उघडा, आतली काथ्याची वळी दिसेल असा. काचेत बंद नको, मुलांना हात लावता यावा. दोन फळ्या, एक सुंभाचे बंडल, थोडी राळ आणि हे काम जाणणारा कारागीर, याहून अधिक काही लागत नाही. शिवताना मात्र दोन माणसे लागतील, एक आत आणि एक बाहेर.

कळावे,
आपला,
पारंपरिक नौकाबांधणीचा एक अभ्यासक
रत्नागिरी