आधी धू, मग वीक

सोलापूर
दसऱ्यानंतरचा सोमवार

प्रिय सुध्या,

पत्र मिळालं. नाटकाच्या ग्रुपचे जुने फ्रेस्नेल दिवे भंगारात घालून सगळे एलईडीचे ‘पार’ दिवे घ्यायचे म्हणतोस, कारण काय तर ‘स्टेजवर उजेडच पडत नाही’. कसा पडेल बे? त्या काचांवर शेवटचं फडकं कधी मारलंय ते आठव. आधी धू, मग काय विकायचं ते वीक.

आमचं गोडाऊन पूर्व भागात, हे तुला ठाऊक आहेच. चारी बाजूंनी पॉवरलूम, हवेत कायम सुताची लव. कितीही झाका, दिव्याच्या मागच्या फटींतून आत जातेच. दिवा तापला की करपल्याचा वास पुढच्या रांगांपर्यंत. म्हणून राज्य नाट्य स्पर्धेच्या आधी आम्ही सगळे दिवे खाली घेऊन उघडतो.

फ्रेस्नेलच्या काचेला गोल गोल कंगोरे असतात, खरी धूळ तिथे बसते. ज्याच्या नावाचा हा दिवा, त्या फ्रेनेलसाहेबाने 1820 च्या दशकात ही काच दीपगृहांसाठी काढली. त्याच्यापुढे समुद्र होता, सोलापूरचा मे महिना नव्हता. कोरडं फडकं घासलंस तर धूळ कंगोऱ्यात अजून दाबली जाते आणि काचेवर चरे पडतात. दिवा पूर्ण गार होऊ दे, काच काढ, मऊ ब्रश फिरव, मग साबणाच्या कोमट पाण्यात धू. शेवटचं पाणी मात्र फिल्टरचं घे. बोरच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात. खडखडीत वाळल्याशिवाय परत बसवू नकोस. आतल्या रिफ्लेक्टरला भांड्याची पावडर लावायची नाही, मऊ कापडाने हलकेच पुसायचं.

आतल्या हॅलोजन बल्बला उघडं बोट लावायचं नाही, हे पोरांना दम देऊनच सांग. बोटाचं तेल आणि मीठ तापलेल्या क्वार्ट्झवर भाजतं, तिथे काच दुधाळ होते, फुगते, आणि बल्ब लवकर जातो. लागलंच बोट, तर गार असतानाच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस.

आता मुद्द्याचं. बल्ब सारखे उडतात म्हणून तू कंपनीला शिव्या घातल्यास, पण होल्डर पाहिलास का? 1000 वॉटचा दिवा 230 व्होल्टवर चार अँपिअरहून थोडा जास्त करंट ओढतो. संपर्क ढिला असेल तर तिथेच ठिणग्या उडतात, पितळ काळं पडतं, खड्डे पडतात. अशा होल्डरमध्ये नवा बल्ब घातला की त्याच्याही पिना जळतात. पॉलिश पेपरने घासून भागत नाही, वरचा मुलामा निघून जातो, होल्डरच बदल. वायरिंग वायरमनकडून तपासून घे, अर्थिंगसकट. फार जुन्या दिव्यात पांढरट, तंतुमय आवरणाची वायर दिसली तर ती अ‍ॅस्बेस्टॉसची असू शकते. खरवडू नकोस, हातच लावू नकोस.

प्रोफाइल दिव्याचे शटर, म्हणजे झोत कापायच्या पट्ट्या, अडकत असतील तर तेल घालू नकोस, तापल्यावर धूर होतो. कोरडी ग्राफाइट पावडर चालते. सेफ्टी चेन प्रत्येक दिव्याला हवी, यावर वाद नको.

आणि एलईडीने सुटका होते हा गैरसमज काढून टाक. त्याच्या पंख्यात हीच लव अडकते, स्मोक मशीनचा चिकट थर बसतो, एलईडी आतून तापतात आणि उजेड हळूहळू उतरतो. ब्लोअर मारताना पात्यांना काडीने अडवून धर; मोकळा पंखा सुसाट फिरून बेअरिंग जातं.

रंगांसाठी एलईडी घे खुशाल. चेहऱ्यासाठी मला अजून हॅलोजनच लागतो. डिमर खाली आला की तो जसा पिवळा होत जातो, तसं स्वस्त एलईडीला जमत नाही. मागच्या खेपेला हुतात्मा स्मृती मंदिरात धुतलेले फ्रेस्नेल लावले, तर ‘फार उजेड आहे, कमी करा’ म्हणून दिग्दर्शकच ओरडायला लागला.

होल्डरचे फोटो पाठव, त्यावरचा नंबर नीट दिसू दे. इथे मिळाले तर घेऊन ठेवतो. शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसने ये आणि येताना ग्राफाइट पावडरची डबी आण, आमची संपत आलीय. वहिनींना शेंगाचटणी बांधून ठेवलीय, ती तू गाडीतच संपवायची नाही.

तुझा,
बाळ्या