केस वाळवण्याच्या पोर्टेबल यंत्राबद्दल तक्रार आणि रक्कम परत मिळण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग.

विषय: एक्स्टेंशन (केसांना लावायचे जोडकेस), वेफ्ट (वरच्या कडेला शिवून केलेली सुट्या केसांची पट्टी) आणि टोप वाळवण्यासाठी आपल्या वेबसाइटवरून घेतलेलं घडीचं यंत्र सदोष असल्याबाबत.

महोदय / महोदया,

आपल्या चॅटवर दर वेळी नवं माणूस येतं आणि दर वेळी मला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. म्हणून आता हे एकदाच नीट लिहून स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवते आहे. ऑर्डर क्रमांक, बिल आणि फोटो सोबत आहेत.

मी गिरगावात टोप, गंगावनं आणि एक्स्टेंशनचं काम करते. नाटकवाल्यांना, लावणीच्या कार्यक्रमांना, भरतनाट्यमच्या क्लासना भाड्याने देते. लग्नसराईत नवरीच्या अंबाड्यासाठी केस लावून देते. शिवाय वीव्हिंग किंवा पॅच करून घेतलेल्या, म्हणजे विरळ जागी कृत्रिमरीत्या केस बसवून घेतलेल्या, नेहमीच्या ग्राहकांचे केस धुऊन, सोडवून, शिवण दुरुस्त करून देते. वेगळं दुकान नाही, पगारी माणूस नाही, घरातल्या पुढच्या खोलीत मी एकटी बसते आणि त्यावरच घर चालतं. हे सुरुवातीलाच सांगते, कारण तुम्ही नंतर काढलेल्या 'व्यावसायिक वापरा'च्या मुद्द्याशी त्याचा संबंध आहे.

या धंद्यात धुणं सोपं, वाळवणं कठीण. डोक्यावरच्या केसांच्या मुळाशी अंगाची ऊब असते. वेफ्टला ती कुठून येणार? त्याच्या वरच्या कडेला मशीनच्या टाक्यांची जाड शिवण असते आणि ती पाणी धरून बसते. केसांवर हात फिरवला तर कोरडे लागतात, शिवण चिमटीत दाबली की बोट ओलं होतं. तशीच घडी करून ठेवली की आंबूस वास येतो, मग बुरशी. त्यात आमचा कामाचा हंगाम नेमका श्रावण-भाद्रपदात. मंगळागौरी, गणपती, गौरी, मंडळांचे कार्यक्रम सगळं पावसात, आणि तेव्हा मुंबईच्या हवेत रुमाल वाळत नाही तिथे केस काय वाळणार! गॅलरीत दोरीवर टाकावेत तर शेजारच्या मुलांची भीतीने रात्रीची झोप उडते. साध्या ड्रायरने एकेक वेफ्ट हातात धरून वाळवायचं तर मनगट भरून येतं आणि दुसरं काम होत नाही.

म्हणून तुमची जाहिरात पाहिल्यावर मला ते यंत्र खरोखरच हवंसं वाटलं. घडी होणारा सांगाडा, त्यावर चेनचं कापडी आवरण, वर वेफ्ट अडकवायला चिमट्यांची दांडी, खाली पंखा आणि हीटर. वजन दीड किलो, म्हणजे दौऱ्यावर नाटकाच्या बसमध्येही टाकता येईल. तुमच्या पानावर लिहिलं होतं: '४० मिनिटांत शिवणीसकट कोरडे', 'मानवी आणि सिंथेटिक, दोन्ही केसांसाठी सुरक्षित', 'कमाल तापमान ५० अंश'. किंमत ६,४९९ रुपये. माझ्यासारखीला ही रक्कम लहान नाही, पण पावसाळ्याचे चार महिने सुटतील या हिशेबाने घेतलं.

आधी एक सिंथेटिक गंगावन लावलं. बटण 'लो'वर. वेळ झाल्यावर चेन उघडली तर खालची वीतभर टोकं आखडून एकमेकांना चिकटलेली. बोटांनी सोडवायला गेले तर करकर आवाज येत होता आणि धागे मधूनच वाकत होते. वरचा भाग मात्र दमट. तोच तुकडा, एकीकडे करपलेला आणि दुसरीकडे ओला. त्यानंतर मी त्यात खऱ्या केसांच्या वेफ्टचे २० इंची, प्रत्येकी १०० ग्रॅमचे दोन बंडल लावले, कारण तुमच्या चॅटवरच्या व्यक्तीने 'सिंथेटिकचं सोडा, मानवी केसांवर वापरून बघा' असं लेखी सांगितलं होतं (स्क्रीनशॉट जोडला आहे). ते करपले नाहीत, पण असे गुंतले की तेल लावून मोठ्या दातांच्या फणीने खालून वर येत येत सोडवूनही निम्मे तुटले. शिवण याही वेळी ओलीच.

तुमच्याकडून उत्तर आलं की 'प्रत्येक केसाचा दर्जा वेगळा असतो'. तसं नाही. हे दोन्ही बिघाड कुठून येतात ते मी सांगते, तुमच्या इंजिनिअरला दाखवा.

पहिलं म्हणजे यंत्रातली हवा उलट्या दिशेने जाते. केसाच्या सालीवर खवले असतात आणि ते मुळाकडून टोकाकडे झुकलेले असतात. म्हणून केस वरून खाली विंचरले, वरून खाली वाळवले की खवले बसतात. खालून वर वारा मारला की उभे राहतात आणि एकमेकांत अडकतात. कुठल्याही पार्लरमध्ये शिकायला आलेल्या मुलीला ड्रायरचं तोंड खाली ठेवायला शिकवतात ते यासाठीच. चांगल्या वेफ्टला, ज्याला बाजारात रेमी म्हणतात, एवढी किंमत पडते ती सगळ्या केसांची मुळं एकाच बाजूला ठेवलेली असतात म्हणून. तुमच्या यंत्रात शिवण वर अडकवायची आणि पंखा खाली. म्हणजे रेमीचा सगळा फायदा घालवायचीच सोय.

त्यातून दुसरी गोष्ट निघते. सगळ्यात गरम, कोरडी हवा मिळते टोकांना, जी मुळात लवकर वाळतात. शिवणीपर्यंत पोचेस्तोवर तीच हवा ओल घेऊन थंड झालेली असते. आवरणाला वर बाहेर पडायची वाट म्हणजे तळहाताएवढी जाळी. बाकीची वाफ आतच फिरते. मी चेन उघडली तेव्हा आवरणाच्या छताला आतून दव होतं आणि इडलीपात्राच्या झाकणातून पडावेत तसे थेंब शिवणीवर पडत होते. म्हणजे जो भाग वाळवण्यासाठी माणूस हे यंत्र घेणार, त्याच भागावर यंत्र पाणी सोडतं. पंखा वर, जाळी खाली आणि मोठी, एवढं केलं असतंत तरी निम्म्या तक्रारी आल्या नसत्या.

तिसरी बाब तापमानाची, आणि यात मी तुम्हाला सूट देणार नाही. भाच्याकडे तारेच्या टोकाने मोजणारा डिजिटल थर्मामीटर आहे. तो रिकाम्या यंत्रात 'लो'वर धरला. टोकं लोंबतात तिथे ८४ अंश, दांडीपाशी ३८. पुन्हा पुन्हा मोजलं, थोडा इकडेतिकडे होऊन आकडा तोच. व्हिडिओत बटणाची जागा आणि आकडा एकाच चौकटीत दिसतात. तुमचे ५० अंश यंत्रात कुठेतरी मधल्या पट्ट्यात सापडतीलही, पण केस सगळ्या उंचीवर लोंबतात. साध्या सिंथेटिक धाग्याचा आकार बदलायला एवढी उष्णता पुरते. आम्ही सरळ गंगावन कुरळं करायचं झालं तर रूळावर गुंडाळून मुद्दाम कडकडीत पाण्यात बुडवतो आणि थंड होऊ देतो, तो आकार मग धुतला तरी जात नाही. हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. उष्णता सोसणारे सिंथेटिक केसही मिळतात, पण ते वेगळे, महाग, आणि त्यावर तसं छापलेलं असतं. तुमच्या माहितीपत्रकात यातला फरक एका ओळीनेही नाही. 'सिंथेटिकसाठी सुरक्षित', बस्स.

आता यंत्राच्या बाहेरच्या बाजूचं. प्लग दोन गोल पिनांचा आहे. आमच्या ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये तो हलतो, आणि हलला की आतून चर्र आवाज येतो. चाळीतल्या वायरमनने पाहून सांगितलं की अर्थिंगची पिन नसलेल्या यंत्राला विजेचा धक्का अडवणारं दुहेरी आवरण असायला हवं आणि त्याची चौकोनात चौकोन ही खूण अंगावर असते. आम्ही दोघांनी यंत्र उलटंपालटं करून पाहिलं, खूण नाही. ओले केस आत, पाणी ठिबकतंय, तळाशी हीटर, आणि अर्थिंग नाही! हे तुम्ही बायकांना 'हॉटेलच्या खोलीतही वापरा' म्हणून विकताय. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता नाही, कुठल्या देशात बनलं ते नाही, महिना-वर्ष नाही. पाकीटबंद मालावर हे छापणं २०११च्या वैधमापनशास्त्र (पाकीटबंद वस्तू) नियमांनुसार बंधनकारक आहे.

तुमच्या ग्राहक सेवेबद्दल फार लिहीत नाही. व्हिडिओ मागितला, पाठवला. 'फाइल उघडत नाही' म्हणून पुन्हा मागितला, पुन्हा पाठवला. तोवर 'परतीची मुदत संपली' असा निरोप आला. मुदत संपेपर्यंत व्हिडिओ मागत राहायचं ही पद्धत तुमची एकट्याची नाही हे मला माहीत आहे, पण म्हणून ती मान्य करायची असं नाही. तरी त्या पोरांवर माझा राग नाही, त्यांच्यासमोर लिहिलेलं असतं तेवढंच ती बोलतात. त्यातली एक मुलगी तर मला 'ताई, तुम्ही लेखीच द्या' असं म्हणाली. तिचं ऐकलं.

शेवटचं उत्तर असं होतं की मी यंत्र व्यावसायिक कारणासाठी वापरलं म्हणून वॉरंटी रद्द. तुमच्याच पानावर, तिसऱ्या फोटोत, पार्लरच्या खुर्चीशेजारी हे यंत्र उभं आहे आणि खाली 'ब्युटिशियन्ससाठी उत्तम' असं लिहिलंय. तो फोटो मी जपून ठेवला आहे, तुम्ही पान बदललंत तरी तारखेसकट तो माझ्याकडे आहे. कायद्यापुरतं बोलायचं तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधल्या कलम २(७)च्या स्पष्टीकरणात स्वतः राबून, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू 'व्यावसायिक हेतू'त धरलेली नाही. मी कशी काम करते ते वर लिहिलंच आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की यंत्र केसांच्या स्वभावाचा विचार न करता बनवलंय, आणि ते चुकीचं सांगून विकलंय. यात बटण, मोड किंवा केसांची जात याला दोष देऊ नये.

मला हवं आहे ते असं. यंत्राचे ६,४९९ रुपये पूर्ण परत, आणि यंत्र न्यायला माणूस तुमच्या खर्चाने पाठवावा. बदली यंत्र किंवा कूपन नको. एका गंगावनाचे १,२०० आणि खऱ्या केसांच्या दोन बंडलांचे ११,००० रुपये भरपाई. बंडलांचं खरेदीचं बिल जोडलं आहे, आणि ती एका ग्राहकाची होती, तिला मी माझ्या खिशातून नवी आणून दिली. लग्न तोंडावर असताना तिला मी 'कंपनीशी बोलणं चालू आहे' असं सांगणार होते का? तिसरी मागणी पैशाची नाही: 'सिंथेटिकसाठी सुरक्षित' आणि 'कमाल ५० अंश' ही दोन वाक्यं पानावरून काढावीत. ज्यांनी यंत्र घेतलं आहे त्यांना कळवावं. केमोनंतर टोप वापरणाऱ्या बायका माझ्याकडे येतात. त्यांच्याकडे सहसा एकच टोप असतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणींचा तो सिंथेटिक असतो, कारण तो स्वस्त आणि हलका. असा टोप तुमच्या 'लो'वर गेला तर दुसऱ्या दिवशी ती बाई घराबाहेर पडणार कशी?

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचं असतं. ही मुदत ईमेल पोचल्यापासून मी धरते आहे. तोपर्यंत काही झालं नाही तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, नोंद करीन आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तुमचं ऑफिस दुसऱ्या राज्यात असलं तरी कायद्याने मला मी राहते तिथेच दावा लावता येतो, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, त्यामुळे 'कोण एवढ्यासाठी कोर्टात जातंय' हा हिशेब माझ्या बाबतीत करू नये. वकील न लावता स्वतः बाजू मांडायची मुभा आहे, आणि बाजू मांडायला मला अडचण पडणार नाही हे या पत्रावरून लक्षात आलं असेलच.

यंत्र मी बांधून ठेवलं आहे. करपलेलं गंगावन आणि तुटलेल्या केसांची पुडीही टाकलेली नाही. तपासणीसाठी कोणी येणार असेल तर संध्याकाळी यावं, दुपारी मी प्रयोगाच्या तयारीत असते. माणूस यायच्या आदल्या दिवशी फोन करावा. उत्तर लेखी द्यावं, चॅटवर नको.

कळावे,

आपली ग्राहक,
(सही)
गिरगाव, मुंबई

सोबत: यंत्राचं बिल, बंडलांचं खरेदी बिल, केसांचे आणि प्लगचे फोटो, तापमान मोजल्याचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर, चॅटचे स्क्रीनशॉट, जाहिरातीच्या पानाची छापील प्रत.