आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : दारूच्या आजाराला तालुक्याच्या रुग्णालयात खाट द्या

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत मद्यपाशावरील उपचार आणि कुटुंबीयांसाठी समुपदेशन सुरू करण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवण्याचा निर्णय घेतला आणि त्यातून वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांचा जादा महसूल मिळेल, असा अंदाज जाहीर केला. त्यानंतर कोणती बाटली किती रुपयांनी महागणार, बारमालकांचे म्हणणे काय आणि कारखानदारांचे काय, याची चर्चा बरेच दिवस चालली. ती बाटली पिऊन आजारी पडलेला माणूस शेवटी ज्या खात्याच्या दारात येतो, त्या आपल्या खात्याचे नाव मात्र त्या चर्चेत मला कुठे दिसले नाही. मी मराठवाड्यातील ग्रामीण रुग्णालयांत अधिपरिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आहे. दारूच्या पेशंटांना आणि त्यांच्या घरच्यांना मी ज्या बाजूने पाहिले, ती बाजू मंत्रालयापर्यंत क्वचितच पोचते, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

पहिली गोष्ट अशी की, आमच्या वॉर्डात ‘दारूचा पेशंट’ म्हणून फारसे कोणी दाखल होत नाही. तो मोटारसायकलवरून पडून पाय मोडलेला म्हणून येतो, रक्ताची उलटी झाली म्हणून येतो, डोळे पिवळे झाले किंवा पोटात पाणी झाले म्हणून येतो, कधी फिट आली म्हणून येतो. केसपेपरवर हाड, पित्त, यकृत यांची नोंद होते, पण दारूची होत नाही. रोज सकाळपासून देशी घेणारा माणूस पाय मोडून खाटेवर पडला की त्याची दारू एकाएकी तुटते. सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप जाते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, कोणी मारायला आले आहे असे वाटते, माणूस सलाईन उपटून पळू लागतो. नातेवाइकांना वाटते की बाहेरची बाधा झाली. वॉर्डातले लोक म्हणतात की पेशंट बिघडला. मग त्याचे हातपाय खाटेला बांधायचे आणि रात्रीच १०८ ची रुग्णवाहिका बोलावून जिल्ह्याला पाठवून द्यायचे, हा क्रम मी पुष्कळदा पाहिला आहे. वाटेत काय होईल, ते त्याच्या नशिबावर सोडलेले असते, कारण असा भ्रम उपचाराविना राहिला तर जीवही जातो.

यातला बहुतेक भाग टाळता येण्यासारखा आहे, आणि तोही महागड्या यंत्रांशिवाय. डायझेपाम, लोराझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड यांसारख्या जुन्या, स्वस्त गोळ्या ठरावीक प्रमाणात सुरू करून पाच-सात दिवसांत उतरवत नेल्या, की बहुतेक पेशंट हा काळ सुखरूप पार करतात. यकृत खराब असलेल्याला यांपैकी कोणती द्यायची, हे ठरलेले आहे. बरोबर थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, द्यावे लागते आणि ते ग्लुकोजच्या सलाईनच्या आधी द्यावे लागते. हा क्रम चुकला, तर उपाशीपोटी पीत राहिलेल्या माणसाच्या मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका वाढतो. हे सगळे पाठ्यपुस्तकात आहे. पण गर्दीच्या वॉर्डात अशक्त पेशंट आला की हात आधी ग्लुकोजच्या बाटलीकडे जातो, कारण दारूविषयी त्याला कोणी विचारलेलेच नसते.

विचारायला चार प्रश्न पुरतात आणि ते जगभर वापरले जातात. दारू कमी करावी असे कधी वाटले का? लोक पिण्यावरून बोलतात त्याचा राग येतो का? पिण्याबद्दल मनाला लागून राहते का? सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागते का? दोन मिनिटांचे काम आहे. शेवटची कधी घेतली, हा पाचवा प्रश्न मी माझ्या अनुभवाने त्यात जोडीन. दाखल होणाऱ्या प्रत्येक प्रौढ पेशंटला हे विचारावे आणि उत्तर केसपेपरवर लिहावे, असा आदेश आपण काढू शकता; त्यासाठी नवे पद लागत नाही आणि नवी इमारतही लागत नाही. पुढे कंप, घाम, नाडी आणि भान यांना ठरावीक तासांनी गुण देत पेशंटवर लक्ष ठेवण्याचा तक्ता परिचारिका काही दिवसांच्या प्रशिक्षणात शिकू शकतात. बाळंतपणातला रक्तदाबाचा धोका ओळखायला आम्ही शिकलोच होतो.

कायद्याची अडचणही नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक स्थितींचा समावेश केला आहे आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. जिल्ह्यात किमान सेवा उपलब्ध नसेल, तर त्या जिल्ह्यात दुसरीकडे घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने सोसावा, असेही तो कायदा म्हणतो. प्रत्यक्षात काय घडते, ते केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकाला कोणता ना कोणता उपचार मिळाला होता आणि दाखल होऊन उपचार मिळालेला १८० जणांमागे एक होता. मधुमेहाविषयी असे आकडे समोर आले असते, तर विधानसभा डोक्यावर घेतली गेली असती. खासगी आरोग्य विम्याच्या पॉलिसींत तर दारूच्या व्यसनावरील उपचार वगळल्याचे कलम सर्रास छापलेले असते. तो विषय दिल्लीचा आहे, म्हणून येथे एवढेच.

आता घराविषयी. दारूच्या आजारात पेशंट एक असतो, पण औषधपाण्याची, उधारीची, शेजाऱ्यांच्या बोलण्याची आणि मारहाणीची झळ घरातल्या सगळ्यांना लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, नवरा वारंवार दारूच्या नशेत असतो अशा दर दहा विवाहित स्त्रियांपैकी सुमारे सात जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले आहे. आमच्याकडे अशी बाई कपाळावर टाके घालून घ्यायला येते आणि नाव सांगते न्हाणीत घसरल्याचे. पहाटे उठून ती कामावर जाते, बचत गटाचा हप्ता पदराच्या गाठीला लपवते, नवरा कामावर गेला नाही तर मुकादमाला ‘ताप आलाय’ म्हणून सांगते, दुकानदाराची उधारी चुकती करते, कारण नाही केली तर चव्हाट्यावर अब्रू जाते. थोरला मुलगा शाळा सोडून गॅरेजवर जातो. मुलगी मैत्रिणीला घरी आणत नाही. सासू म्हणते, लग्नाआधी तो असा नव्हता.

ही बाई दारू सुटावी म्हणून काय काय करते, याची यादी मोठी आहे. शपथ घालणे, माळ घालायला लावणे, अंगारा, भिंतीवरच्या जाहिरातीतले ‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’ हे औषध. यातले शेवटचे सर्वांत घातक आहे. अशा निनावी पुड्यांत काय असते याचा पत्ता नसतो. आणि काही घरांत मेडिकलवाल्याकडून आणलेली डायसल्फिरामची गोळी कुटून भाजीत घातली जाते. हे औषध उपयोगी आहे, पण ते पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते, कारण ते पोटात असताना दारू प्यायली तर रक्तदाब कोसळून माणूस दगावू शकतो. त्या बाईला दोष देण्यात अर्थ नाही. तिला खरे सांगणारी एकही खुर्ची आमच्या रुग्णालयात नव्हती.

म्हणूनच माझा सर्वांत मोठा आग्रह असा आहे की, घरच्यांसाठीची सेवा पेशंटच्या येण्यावर अवलंबून ठेवू नये. आज समुपदेशकाकडे गेलेल्या बायकोला बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न विचारला जातो, ‘त्यांना घेऊन आलात का?’ तो येणार नसतो, म्हणून तर ती एकटी आलेली असते. पिणाऱ्याने नकार दिला तरी त्याच्या बायकोला, आईला, मुलांना स्वतःसाठी मदत मागता आली पाहिजे. पैसे कसे सुरक्षित ठेवायचे, मारहाण झाली तर कोणाला फोन करायचा, त्याच्या वतीने खोटे बोलणे कसे थांबवायचे, आणि रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरीच एका झटक्यात बंद करणे का धोक्याचे आहे, हे तिला कोणीतरी बसवून सांगितले पाहिजे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो. अल-अनॉन या एकमेकांना आधार देणाऱ्या गटाच्या सभाही घरच्यांसाठीच असतात. अशा गटात बसलेल्या बायकांचा ताठ झालेला कणा ज्याने पाहिला आहे, त्याला या सेवेचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. नवरा प्यायचा थांबला नाही तरी घर सावरलेल्या बायका मला माहीत आहेत.

मुक्तांगण १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने सुरू केले, आणि त्याला पहिली जागा मिळाली ती सरकारच्याच येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात. सरकारने जागा दिली, समाजाने माणसे दिली, आणि काम उभे राहिले. परंतु परळीच्या किंवा अहेरीच्या मजुराने पाच आठवड्यांची मजुरी सोडून पुण्याला जावे, ही अपेक्षा अवास्तव आहे. ज्यांना ते जमत नाही, त्यांच्यासाठी गावोगावी खासगी ‘केंद्रे’ निघाली आहेत. त्यांतली काही प्रामाणिक आहेत. काहींची रीत मात्र रात्री गाडी घेऊन यायचे, पेशंटला उचलून न्यायचे आणि कोंडून ठेवायचे, अशी आहे; तिथे डॉक्टर नसतो, असतो तो दांडका. अशा प्रत्येक संस्थेची नोंदणी आणि तपासणी कायद्याने बंधनकारक आहे, आणि ती यंत्रणा आपल्या अखत्यारीत आहे.

दारूबंदीविषयी मी येथे मुद्दाम लिहिलेले नाही. वर्धा आणि गडचिरोलीत बंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली, गावोगावच्या बायका आजही आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दारूचे दुकान बंद करण्यासाठी, मतदान मागतात आणि त्यांच्या बाजूने मी उभी आहे. पण दुकान उघडे असो की बंद, ज्याचे शरीर दारूला बांधले गेले आहे, त्याला औषध लागतेच. गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ अभियानाने बंदीच्या जोडीने तालुक्याच्या ठिकाणी उपचारांची क्लिनिक चालवली, ही गोष्ट बंदीच्या समर्थकांनी आणि विरोधकांनीही नीट पाहावी. तालुका पातळीवर हे काम होते, याचा पुरावा राज्याच्या सर्वांत दुर्गम जिल्ह्यातच उपलब्ध आहे.

अडचण आहे ती खात्यांच्या वाटणीची. दारूचा महसूल उत्पादन शुल्क विभाग गोळा करतो, व्यसनमुक्तीचा प्रचार, सप्ताह आणि पुरस्कार सामाजिक न्याय विभागाकडे आहेत, आणि रक्ताची उलटी होते तेव्हा माणूस आपल्याकडे येतो. शेतकरी आत्महत्येच्या चौकशीत कारण म्हणून दारूचे व्यसन नोंदले गेले, की विधवेचा मदतीचा अर्ज अपात्र ठरण्याची वेळ येते. तिथे महसूल विभागही या वाटणीत सामील होतो. एकाच माणसाच्या आजाराचे चार तुकडे चार टेबलांवर पडलेले असतात, आणि उपचाराचा तुकडा कोणत्याच टेबलावर ठळक दिसत नाही.

तेव्हा, महोदय, जादा महसुलातील ठरावीक हिस्सा मद्यपाशाच्या उपचारांसाठी स्वतंत्र लेखाशीर्षाखाली आपल्या विभागाला मिळावा, अशी मागणी आपण मंत्रिमंडळात करावी. तोपर्यंत वाट न पाहता प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात चार आणि ग्रामीण रुग्णालयात दोन खाटा या आजारासाठी राखून ठेवाव्यात, थायमिनची इंजेक्शने आणि वर सांगितलेल्या गोळ्या कायम साठ्यात राहतील हे पाहावे, आणि ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत तालुक्याच्या डॉक्टरांचे आणि परिचारिकांचे प्रशिक्षण सुरू करावे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक महिन्यातून ज्या दिवशी तालुक्याला येते, त्याच दिवशी घरच्यांचा गट बसवता येईल. पथकाचा तो दिवस आठवडी बाजाराचाच ठेवावा, म्हणजे बाईला घरी वेगळे कारण सांगावे लागणार नाही.

कळावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त अधिपरिचारिका, मराठवाडा