टेलर काकूंना, दोन इंच मायेबद्दल

काकू,

हे तुम्हाला तुमची नात वाचून दाखवेल बहुतेक, तुमचा चष्मा मशीनवर असतो आणि फोन आत चार्जिंगला. तोंडावर हे सगळं बोलायला गेले की मला रडू येतं आणि मग तुम्ही पाणी द्यायला उठता आणि विषय राहून जातो, म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण माझ्यासारखी कोणीतरी ट्रान्स मुलगी आत्ता हार्मोन्सच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आरशासमोर उभी असेल, तिलाही तुम्ही कळायला पाहिजेत.

मागच्या फेब्रुवारीत मी पहिल्यांदा आले तेव्हा हार्मोन्स सुरू होऊन एकोणीस दिवस झाले होते. हातात लक्ष्मी रोडवरून घेतलेलं निळं कापड, आणि शुक्रवार पेठेतल्या त्या बोळात मी चांगली दहा मिनिटं तुमच्या पाटीसमोर उभी होते, ‘येथे फक्त लेडीज कपडे शिवून मिळतील’. अंगात शर्ट-पँट, दाढीची निळसर सावली, आवाज जुनाच. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पाटी वाचलीस ना, मग आत ये की." बास, एवढंच. १५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टाने नालसाच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, केसमध्ये सांगितलं की आपण बाई, पुरुष की तृतीयपंथी हे आपण स्वतः ठरवायचं, तो निकाल मी कितीतरी वेळा वाचलाय, पण तो माझ्यासाठी पहिल्यांदा खरा झाला तो तुमच्या त्या पाटीखाली.

मला फिटिंगचा कुर्ता हवा होता, अगदी अंगासरशी. एकोणीस दिवसांत. मी चाचरत सांगितलं की माझी औषधं चालू आहेत, अंग बदलणार आहे. तुम्ही टेप गळ्यात टाकलीत आणि विचारलंत, "किती बदलेल ते डॉक्टरांनी सांगितलंय का?" मी म्हटलं नाही, तसं कोणीच आधी सांगू शकत नाही, प्रत्येकीचं वेगळं असतं. तर तुम्ही म्हणालात, "मग माया जास्त सोडते. दोन्हीकडे एकेक इंच." माया म्हणजे शिवणीत आत ठेवलेलं जास्तीचं कापड, पुढे उसवता येतं ते. आणि वहीत पेन्सिलीने लिहिलंत, छाती साडेतेहतीस, कंबर एकतीस, सीट पस्तीस. पेन्सिलीने का असं मी विचारलं होतं, तेव्हा तुम्ही म्हणालात की पोरींची मापं मी पेनाने लिहीतच नाही. पोरींची म्हणालात. तुमच्या लक्षातही नसेल.

पुढचे तीन महिने माझं काय चाललं होतं ते तुम्हाला अर्धंच माहितीये. सकाळ-संध्याकाळ एस्ट्रॅडिओलची, म्हणजे बायकी हार्मोनची गोळी, सोबत स्पायरोनोलॅक्टोन, टेस्टोस्टेरॉनचं, म्हणजे पुरुषी हार्मोनचं काम अडवायला. ती मुळात लघवी वाढवणारी गोळी, टिळक रोडच्या ऑफिसमध्ये दिवसातून सात-आठ वेळा उठायचं आणि प्रत्येक वेळी कुठल्या दारातून आत जायचं हा प्रश्न. एप्रिलच्या उन्हात तुम्ही माझ्यासाठी शहाळं मागवलंत आणि मी नको म्हटलं, तुम्हाला वाईट वाटलं ते मला दिसलं, पण या गोळीने रक्तात पोटॅशियम वाढू शकतं आणि शहाळ्यात ते भरपूर असतं, म्हणून डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं. मी हे समजावल्यावर तुम्ही एक शब्द न बोलता लिंबू सरबत केलंत आणि त्यानंतर एकदाही शहाळं विचारलं नाहीत. घरच्यांना मी हीच गोष्ट चार वेळा सांगितलीये. असो.

मे महिन्यात दुसरं माप घेतलंत. छाती साडेतेहतीस. कंबर एकतीस. सीट पस्तीस. मी वहीतल्या त्या दोन ओळी एकाखाली एक बघितल्या आणि मला वाटलं संपलं, माझ्यावर हे औषध चालतच नाहीये. तुम्ही म्हणालात की दुखतंय का कुठे, टेप लावताना तू मागे सरलीस. दुखत होतं. दोन्हीकडे आत सुपारीएवढी गाठ आल्यासारखं, पीएमपीएमएलच्या बसच्या गर्दीत कोणाची सॅक लागली तरी डोळ्यांतून पाणी. तुम्ही तेव्हा लगेच कुर्त्याला आतून मऊ मलमलचं अस्तर लावून दिलंत आणि म्हणालात, "दुखतंय म्हणजे काम चालू आहे, टेपला कळायला वेळ लागतो." हेच मला नंतर डॉक्टरांनीही सांगितलं, त्यांच्या भाषेत, पण आधी तुम्ही सांगितलंत.

तरी मी ऐकलं नाही. हे कबूल करायचंच आहे. जूनमध्ये रात्र रात्र फोनवर दुसऱ्यांचे फोटो बघायचे, कोणाचं चार महिन्यांत काय झालं, कोणाचं सहा महिन्यांत, त्यात त्यांचं वय वेगळं, घराण्याची ठेवण वेगळी, फोटोतला उजेड वेगळा, हे काही डोक्यात येत नव्हतं. मग एका मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणल्या, कोणी चिठ्ठीही मागितली नाही, आणि अकरा दिवस माझ्या गोळ्यांच्या वर त्या खाल्ल्या. अकराव्या दिवशी पोटरी दुखायला लागली आणि मी घाबरून तुमच्याकडे आले. आईकडे नाही, मैत्रिणीकडे नाही, तुमच्याकडे. तुम्ही ओरडला नाहीत. मशीनवरचं कापड तसंच ठेवून, शटर ओढून, रिक्षा केलीत आणि माझ्याबरोबर डॉक्टरांकडे येऊन बसलात.

पाय तपासला, रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी झाली, गुठळी नव्हती. पण डॉक्टरांनी तुमच्यासमोर जे सांगितलं ते मी आज इथे नीट लिहिते, कारण अशा गोळ्या खाणारी मी एकटी नाही. त्या गोळ्यांमध्ये बहुतेक वेळा इथिनिल एस्ट्रॅडिओल हे कृत्रिम हार्मोन असतं, त्याने रक्तात गुठळ्या व्हायचा धोका जास्त, म्हणूनच आमच्या ट्रीटमेंटमध्ये ते आता वापरू नका म्हणतात. आणि एस्ट्रॅडिओलच्या नेहमीच्या टेस्टमध्ये ते नीट पकडलंही जात नाही, म्हणजे रिपोर्ट बघून डोस ठरवणाऱ्या डॉक्टरांचे डोळेच आपण बांधतो. माझे मेमधले रक्ततपासणीचे आकडे आधीच बरोबर होते, टेस्टोस्टेरॉन ५० च्या खाली, एस्ट्रॅडिओल १०० ते २०० च्या मध्ये. त्यावर अजून ओतून काही लवकर होत नाही. एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या २०१७ च्या गाइडलाइनमध्ये तक्ताच आहे, छाती, कातडी, चरबीची जागा हे बदल सुरूच व्हायला तीन ते सहा महिने, छाती आणि चरबी पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षं, अंगावरचे केस विरळ व्हायला सहा महिने ते वर्ष आणि पुढेही बराच काळ. आवाज गोळ्यांनी बदलत नाही, तो रियाजाने. दाढीला लेझर.

मी ‘दोन-तीन वर्षं’ ऐकून रडायला लागले आणि तुम्ही बाहेर बाकावर बसून माझा हात धरून सांगितलंत, "माझ्या लेकीला अकराव्या वर्षी सुरुवात झाली, कॉलेजला जाईपर्यंत मी तिचे कपडे उसवत होते. तिला कोणी विचारलं नाही की तीन महिने झाले, अजून का नाही. तुला का मग वेगळा नियम?"

काकू, या वर्षात मला खूप जणांनी धीर धर म्हणून सांगितलं. राग यायचा मला त्या शब्दांचा, खरंच, कारण सांगणारा सांगून निघून जायचा आणि धीर मी एकटीने धरायचा. तुम्ही माझ्याबरोबर धरलात. तुम्ही तारीख द्यायचात, ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी ये, तोपर्यंत घरी टेप लावायची नाही. माझी घरातली टेप तुम्ही काढून घेतलीत, ती अजून तुमच्या ड्रॉवरमध्ये बटणांच्या डब्याखाली आहे. रोज मोजायचं बंद झालं आणि मला झोप लागायला लागली. त्या मधल्या काळात मला बाकीचं दिसायला लागलं, घामाचा वास बदललेला, कातडी इतकी कोरडी की आंघोळीनंतर खोबरेल लावावं लागायचं, पावसात सगळ्यांआधी मला थंडी वाजायची, आणि रडू, जे आधी वर्षानुवर्षं आलंच नव्हतं.

ऑगस्टमध्ये छाती चौतीस. अर्धा इंच. मी त्या अर्ध्या इंचासाठी तोंड पाडणार तेवढ्यात तुम्ही मला जुना कुर्ता घालायला लावलात आणि मुंढ्याजवळ दोन बोटं घालून दाखवलंत, "हे बघ, इथे दंडाला काचत होतं, आता मोकळं झालंय. तू पुढूनच बघत बसलीस, मी मागून बघतेय." हाड तेच आहे, खांदे तेवढेच रुंद राहणार हे मला माहितीये, पण दंडातला कडकपणा गेला होता आणि ते मला स्वतःला कधीच दिसलं नसतं.

गणपतीत तुम्ही पहिली बाजू उसवलीत, पाव इंच. दिवाळीत दुसरी. उसवलेल्या जागी कापडाचा निळा रंग अगदी नवा होता, बाहेरचा उन्हाने फिकट झालेला आणि आतला तसाच, आणि तुम्ही म्हणालात की दोन धुण्यांत सारखं होईल. झालं.

परवा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुम्ही बोलावलंत. मी घाबरत आले होते की बाकीच्या काय म्हणतील. दोघी काही म्हणाल्या असतीलही, मला ऐकू आलं नाही, कारण तुम्ही मला तुमच्या शेजारी बसवून वाण दिलंत आणि ओळख करून देताना औषध नाही, ऑपरेशन नाही, काही नाही, ‘ही माझी जुनी कस्टमर’ एवढंच सांगितलंत. अकरा महिन्यांत जुनी.

अजून एकेका बाजूला पाऊण इंच शिल्लक आहे. एवढ्यात उसवायची नाही, मला घाई नाहीये आता, म्हणजे कधी कधी होते, रात्री होते. पण मंगळवारी येते. उसवायचे पैसे तुम्ही एकदाही घेतले नाहीत, या वेळी घ्यायचे. आणि आतलं अस्तर काखेत विरलंय, मलमल मी तुळशीबागेतून आणते, तुम्ही तुमच्यातली वापरू नका.

तुमची,
मापवहीच्या मधल्या पानावरची